इंग्रजीतील मिश्र वाक्ये : गौण वाक्याभोवतीचा स्वल्पविराम मराठी माध्यमाच्या मुलांना कसा समजावावा?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. मुलांच्या घरी मराठी, बाजारात आणि बसस्थानकावर कन्नड, तर इंग्रजी बहुतेकांच्या कानावर वर्गातच पडते. केवल वाक्ये ती नेटकी लिहितात. मात्र दोन विधाने एका वाक्यात गुंफायची वेळ आली की अडखळतात.

मराठीत मिश्र वाक्याला बहुधा जोडी लागते : जरी-तरी, जर-तर, जो-तो. इंग्रजीत एकाच अव्ययावर भागते, म्हणून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट टू स्कूल' अशी वाक्ये येतात. 'बट' खोडायला लावले की हे सुधारते. 'जो-तो'चे तसे नाही. एका वहीत असे वाक्य होते : 'द रिव्हर व्हिच राइजेस ॲट कणकुंबी, दॅट रिव्हर मीट्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.' 'जी नदी... ती नदी' ही मराठी घडण त्यात जशीच्या तशी उतरली आहे. शिवाय मराठीत 'उगम पावणारी नदी' आणि कन्नडमध्ये 'हुट्टुव नदी' म्हणताना नाम शेवटी येते, इंग्रजीत मात्र नाम आधी आणि त्याचे गौण वाक्य मागाहून. त्यामुळे मी आधी प्रधान वाक्य पूर्ण लिहून घेते, 'द रिव्हर मीट्स द कृष्णा', आणि मग 'रिव्हर'च्या लगेच पुढे 'व्हिच'चे वाक्य बसवायला सांगते. याचा चांगला उपयोग होतो.

माझे घोडे अडले आहे ते स्वल्पविरामापाशी. 'द स्टुडंट्स हू लिव्ह इन जांबोटी कम बाय बस' याचा अर्थ, जांबोटीत राहणारे तेवढेच विद्यार्थी बसने येतात. हेच गौण वाक्य दोन स्वल्पविरामांत घातले, तर सगळेच विद्यार्थी जांबोटीचे ठरतात. 'द मलप्रभा, व्हिच राइजेस ॲट कणकुंबी' येथे स्वल्पविराम हवाच, कारण मलप्रभा एकच आहे, हे मुलांना पटते. पण सामान्यनाम आले की ती गोंधळतात. मराठीत हा भेद आपण विरामचिन्हाने दाखवत नाही, त्यामुळे आधाराला काही सापडत नाही.

ज्यांनी आठवी ते दहावीच्या वर्गांना हे शिकवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : आपण सुरुवात अर्थापासून करता की विरामचिन्हापासून? गौण वाक्य झाकून 'नेमके कोणते?' हा प्रश्न उरतो का, एवढीच कसोटी मुलांना दिली तर पुढे कुठे अडेल? आमच्या परिसरातील उदाहरणे असलेले सरावाचे उतारे कोणी तयार केले असतील, तर तेही येथे द्यावेत.