जी-पोएमला जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळेल का?

प्रश्न: रुग्ण करवीर तालुक्यातल्या, वय 52, जुना मधुमेह, केशरी कार्ड. खाल्लेलं पुढं सरकत नाही, सारख्या उलट्या. दुर्बिणीत अडथळा दिसला नाही. डॉक्टरांनी गॅस्ट्रोपॅरेसिस (जठराची हालचाल मंदावणं) सांगून जी-पोएम (दुर्बिणीतून जठराच्या तोंडाचा स्नायू कापून वाट मोकळी करणं) सुचवलंय. महात्मा फुले योजनेत बसवायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर १: ताई, आधी चाचणी नीट करून घ्या. नुसत्या लक्षणांवर पाठवलेला अर्ज कच्चा पडतो. गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन (पोट किती वेळात रिकामं होतं ते मोजणारा) पूर्ण 4 तासांचाच हवा, दीड-दोन तासांत उरकलेला चालत नाही. अंड्याचा पांढरा भाग, दोन ब्रेड, जॅम आणि पाणी असं ठरलेलं खाणं देतात. 4 तासांनी 10 टक्क्यांहून जास्त पोटात उरलं तर दोष. इडली दिली, तर हे आकडे लावता येत नाहीत.

डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड ही पोटाची हालचाल वाढवणारी औषधं दोन-तीन दिवस आधी बंद लागतात, पण डॉक्टरांना विचारूनच. सेमाग्लुटाइडसारखं मधुमेहाचं इंजेक्शन चालू असेल तर जरूर सांगा, त्यानंही पोट मंदावतं. त्या सकाळी शुगर 275 च्या वर असेल तर तारीख पुढं ढकला. वाढलेल्या शुगरनंच पोट थांबतं आणि निकाल खोटा येतो.

उत्तर २: योजनेचं सांगतो. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच आहे, पण पैसे पॅकेजला, म्हणजे योजनेच्या यादीतल्या ठरावीक उपचाराला मिळतात. त्यामुळं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) आजाराचं नाव सांगून थांबू नका. "कोणत्या पॅकेजखाली प्रीऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) टाकणार आणि हे रुग्णालय त्या विभागासाठी अंगीकृत (योजनेत सामील) आहे का?" हे विचारा. भरती व्हायच्या आधीच विचारा, कारण स्वतः भरलेलं बिल नंतर योजनेतून मिळवायला गेलात तर हात हलवत परत यावं लागतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय ना बघा, अर्ज इथंच जास्त अडकतात. नाकारलं तर कारण लेखी घ्या. शंकेला योजनेची हेल्पलाइन 155388.

उत्तर ३: पॅकेजच नसेल तर धर्मादाय रुग्णालय बघा. 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत (वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत), आणखी 10 टक्के दुर्बलांना सवलतीत (3,60,000 पर्यंत). तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आजच टाका, त्यालाच वेळ लागतो. शिवाय कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

प्रश्नकर्ती: स्कॅन दोन तासांचाच झालाय. आधी तो परत करून घेते.