'दॅन' सगळीकडे चालत नाही
इंग्रजीत तुलना करताना लहान विशेषणाला शेवटी 'अर', लांब विशेषणाआधी 'मोर' हा नियम बरोबर आहे, पण मराठी मुलं अडकतात ती पुढच्या शब्दावर, म्हणजे 'पेक्षा'साठीच्या 'दॅन'वर. आपल्याकडे 'पेक्षा' कुठेही चालतं. 'तो माझ्यापेक्षा सीनिअर आहे' म्हणायची सवय, म्हणून 'सीनिअर दॅन मी' लिहिलं जातं. इथे 'टू' हवं. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हे शब्द लॅटिनमधून आले, तिथेच त्यांची तुलनात्मक रूपं होती. त्यामुळे त्यांच्याआधी 'मोर'ही लावायचं नाही. 'प्रेफर'लाही 'टू'च: 'आय प्रेफर टी टू कॉफी'.

'चेंज द डिग्री' (तेच वाक्य तुलनेच्या दुसऱ्या रूपात लिहा) या प्रश्नात आणखी एक चूक नेहमी दिसते. 'मुंबई इज द बिगेस्ट सिटी इन महाराष्ट्र' हे बदलताना 'बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र' लिहितात. मुंबईही महाराष्ट्रातच आहे, मग ती स्वतःपेक्षा मोठी कशी असेल? 'एनी अदर सिटी' लिहिलंच पाहिजे. हा 'अदर' शिकवताना कारणासकट शिकवा, नुसता पाठ करून घेतला की मुलं 'बिगर दॅन एनी अदर सिटी इन गोवा' असंही लिहितात. तिथे मुंबई गोव्यात नाहीच, त्यामुळे 'अदर' नको.