अनुभव धागा : इंग्रजीचे हातपाय, नाक-डोळे

हात, पाय, कान, जीभ यांवर बेतलेले इंग्रजी वाक्प्रचार तुम्ही कुठे ऐकले, अर्थ कसा लागला, ते इथे लिहा. अट एकच: फॉरवर्डमधल्या याद्या नकोत, स्वतः ऐकलेलं हवं.

मी मराठी सबटायटल्स करते. चमत्कारिक वाक्प्रचारांचा मला त्रास होत नाही, ते ऐकताच माणूस सावध होतो. घात करतात ते आपल्यासारखे दिसणारे. ‘पुलिंग माय लेग’ ही नुसती थट्टा. आपल्याकडे मात्र वर चढणाऱ्याचे पाय ओढतात! दोन जिवलग मित्रांच्या तोंडी ‘पाय ओढतोस का’ घातलं की त्यांच्यात उभा दावा आहे असं वाटायचं. तिथे ‘फिरकी घेतोस का’च हवं.

दुसरी_पाळी
आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात हेच ‘वॉश अवर हँड्स ऑफ इट’चं झालं. क्लायंटच्या मेलमध्ये एका जुन्या मॉड्यूलबद्दल तसं लिहिलेलं. टीममधला नवा पोरगा हबकला, “आता हे हात धुऊन मागे लागणार!” उलट क्लायंट त्या कामातून अंग काढून घेत होता. बायबलमध्ये येशूला क्रुसावर देताना रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर हात धुऊन ‘माझ्यावर दोष नाही’ म्हणतो, तिथलं ते. अर्थ कळल्यावर पोरगा खूश. मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा होता, कारण बिलिंगही त्यातच वाहून गेलं.

रानजाई
मी इंग्लंडमध्ये वॉर्डवर नर्स आहे. ओईटी या आरोग्यसेवेतल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीत आजारांचं इंग्रजी पक्कं झालं, पेशंटच्या तोंडचं इथे आल्यावर कळलं. आवाज बसला की ‘फ्रॉग इन माय थ्रोट’, म्हणजे घशात बेडूक. मुंग्या आल्या की ‘पिन्स अँड नीडल्स’. हे लवकर अंगवळणी पडतं.

एकदा एक आजोबा सकाळी स्वेटरची बटणं लावत होते. वरची दोन लागली, तिसरं काही केल्या काजात जाईना. हसून म्हणाले, ‘ऑल फिंगर्स अँड थम्ब्स टुडे, लव्ह.’ म्हणजे आज हात धड चालत नाहीत, नुसता धांदरटपणा चाललाय. घरी कुणी असं म्हटलं तर आपण हसून सोडून देऊ. आमच्या सीनियर सिस्टरनी सोडलं नाही. गप्पा मारता मारता त्यांनी आजोबांना दोन्ही हातांनी आपली बोटं आवळायला लावली, मग हात समोर धरायला सांगितले, चेहरा एका बाजूला ओघळलाय का ते पाहिलं आणि हे कधीपासून होतंय ते विचारलं. स्ट्रोकची सुरुवात अशीही होऊ शकते. आजोबांचं कारण जुनी सांधेदुखी निघालं. पण तेव्हापासून पेशंटचा वाक्प्रचार मी आधी शब्दशः ऐकते. इथली म्हातारी माणसं दुखणं सरळ सांगतच नाहीत, थट्टेत गुंडाळून देतात. (आमच्या आजीचं उलट होतं, शिंक आली तरी गावाला कळायचं.)

खडू_फळा
नाशिकला आयेल्ट्सचे, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचे, वर्ग घेतो. बोलण्याच्या परीक्षेत सात बँडपासून (बँड म्हणजे गुणांची पातळी) पुढे थोडीफार वाक्प्रचारांची भाषा अपेक्षित असते, हे मुलांना कुठूनतरी कळतं आणि मग ती सुटतातच. घराविषयी विचारा, मोबाइलविषयी विचारा, सगळ्याची किंमत ‘ॲन आर्म अँड अ लेग’. एका मुलीनं पाणीपुरीलाही तेच लावलं! मी त्यांना सांगतो, दहा पाठ करण्यापेक्षा एक जागेवर पडू दे. परीक्षक दिवसभर तोडलेले हातपाय मोजत बसलेला असतो.

गलबत
‘टर्न अ ब्लाइंड आय’ मला इतिहासाच्या नादामुळे आवडतो. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा उजवा डोळा 1794 मध्ये कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात निकामी झाला. 1801 मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी माघारीचा इशारा दिला, तेव्हा दुर्बीण त्या आंधळ्या डोळ्याला लावून ‘मला इशारा दिसत नाही’ म्हणाला, अशी कथा आहे. तिला तिखटमीठ बरंच लागलंय, पण इशाऱ्याकडे कानाडोळा करून त्यानं लढाई चालू ठेवली हे खरं.

वकिलीण
‘रूल ऑफ थंब’बद्दल एक फॉरवर्ड फिरतो, की अंगठ्याएवढ्या जाड काठीनं बायकोला मारायची मुभा देणाऱ्या इंग्रजी कायद्यातून तो आला. तसा कायदा नव्हता. न्यायाधीश फ्रान्सिस बुलर असं काही बोलल्याचा बोभाटा झाला आणि 1782 मध्ये गिलरेनं त्याचं ‘जज थंब’ म्हणून व्यंगचित्र काढलं. शब्दप्रयोग त्याच्या कितीतरी आधीचा, अंदाजाने काम करण्याबद्दलचा. आमच्या बार रूममध्ये हे सांगून सांगून थकले.

विंगेतून
न्यू जर्सीत गणपतीत एकांकिका बसवतो. पडदा उघडायच्या आधी नटराजाची पूजा चालली होती. इथेच वाढलेला माझा भाचा धावत आला आणि सगळ्यांना ‘ब्रेक अ लेग!’ म्हणून गेला. शब्दशः ‘पाय मोड’, पण रंगमंचावर जाणाऱ्याला इंग्रजीत शुभेच्छा अशाच देतात. नारळ हातात घेतलेल्या आईनं मला विचारलं, तो काय म्हणाला? मी सांगितलं. ती म्हणाली, “शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग!” आणि नारळ फोडला.

मोगरा
@धागाकर्ती, तुमच्या यादीत ‘बाइट युअर टंग’ घाला. आपण बोलून गेल्यावर जीभ चावतो, ते बोलायच्या आधीच चावतात. माझ्या आयरिश सासूबाईंना हे फार छान जमतं. मला आणि माझ्या माहेरच्यांना अजिबात नाही.