मदत हवी आहे: शेंदरी एमएक्स-५ स्वतःच विकायची आहे (यूके)

मंडळी, इथे यूकेत डीलरच्या दारात न जाता स्वतः गाडी विकलेलं कोणी असेल तर जरा अनुभव सांगा.

गाडी माझदा एमएक्स-५, तिसाव्या वाढदिवसाची खास आवृत्ती, २०१९ची. पहिली एमएक्स-५ १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली होती, म्हणून तीस वर्षांनी जगभरात मिळून फक्त ३००० काढल्या. यूकेच्या वाट्याला ५५०. रंग 'रेसिंग ऑरेंज'. रेजची फोर्ज्ड चाकं, रिकारो सीटा, पुढे ब्रेम्बोचे ब्रेक, आणि अंगावर तिचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी. माझी कापडी छपराची आहे, मॅन्युअल गिअरची, दोन लिटरचं १८४ पीएसचं इंजिन. १४ हजार मैल झालेत. फोटो पाहून आई म्हणाली होती, "शेंदूर फासलाय का रे?" तेव्हापासून घरात या माझदाचं नाव मारुती.

विकायचं कारण सरळ आहे. गेल्या वर्षी जुळी झाली. दोन सीटांच्या गाडीत चार माणसं कशी बसवायची, हे गणित मी सात महिने सोडवत होतो. बायकोने एका वाक्यात सोडवलं.

डीलरने साडेसतरा हजार पौंड सांगितले. गाडीभोवती एक फेरीसुद्धा मारली नाही, संगणकात नंबर घातला आणि आकडा वाचून दाखवला. त्या संगणकाला ही साधी एमएक्स-५च दिसते. म्हणून २२ हजारांची जाहिरात टाकली. आता दोन गिऱ्हाइकं आहेत. एक जण गाडी न बघताच पूर्ण किंमत द्यायला तयार आहे. ट्रान्सपोर्टर पाठवतो, बँकर्स ड्राफ्ट (बँकेने स्वतः काढलेला चेक) देतो म्हणतो, आणि लॉगबुकचा (गाडीच्या सरकारी नोंदणीपत्राचा) फोटो मागतोय. दुसरे गृहस्थ साठीचे, एमएक्स-५वाल्यांच्या क्लबातले. २० हजार म्हणतात, पण प्रश्न इतके विचारतात की सासरेबुवा परवडले.

माझे प्रश्न: पहिल्याला लॉगबुकचा फोटो द्यावा का? टेस्ट ड्राइव्ह कशी द्यायची? डाव्या पुढच्या चाकाची कड फूटपाथला घासली आहे, ती दुरुस्त करून घेऊ का? आणि मी एक्झॉस्ट बदलला होता (हौस!), मूळचा गॅरेजमध्ये पडलाय, त्याचं काय करू? हो, नंबर प्लेट माझ्या आडनावासारखी वाचता येते अशी आहे, विकत घेतलेली. ती मला ठेवायची आहे.

– शेंदरी_मारुती

---

तळेगावकर: लॉगबुकचा फोटो अजिबात देऊ नका! त्यावरचा अकरा आकडी संदर्भ क्रमांक वापरूनच डीव्हीएलएकडे (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) गाडी दुसऱ्याच्या नावावर गेल्याची नोंद करतात. आणि ड्राफ्ट खोटा असू शकतो. खात्यात पैसे दिसले तरी ड्राफ्ट वटला नाही की बँक ते परत काढून घेते, तोवर तुमची मारुती द्रोणागिरी आणायला गेलेली असते. न बघता पूर्ण किंमत देणारा माणूस गाडी घेत नाही, तुम्हाला घेतो.

---

चाकोरीबाहेर: वरच्याशी सहमत, पहिल्याचा नाद सोडा.

आता तुमच्या प्लेटचं. हे सगळ्यात आधी करा, कारण याला वेळ लागतो. गाडी प्लेटसकट विकलीत तर प्लेटवरचा हक्कही गेला. डीव्हीएलएला ८० पौंड भरून नंबर काढून स्वतःच्या नावावर ठेवता येतो. मग गाडीला बहुधा तिचा जुना नंबर परत मिळतो आणि नवं लॉगबुक पोस्टाने येतं. ते हातात पडेपर्यंत विकू नका. विम्यावरही नंबर बदला, हे लोक हमखास विसरतात.

घासलेलं चाक तसंच राहू द्या. जवळून फोटो काढा आणि जाहिरातीत लिहा. असल्या गाडीचा जाणकार गिऱ्हाईक नव्या रंगाचं चाक बघितलं की आधी "याखाली काय झाकलंय?" असंच विचारतो. मूळचा एक्झॉस्ट मात्र परत बसवा. बसवणं जमत नसेल तर गाडीबरोबर द्या, पण भंगारात घालू नका. ३०००मधली एक म्हणून जास्त पैसे मागताय ना, मग ती कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिलं, डीलरकडची मूळ पावती, जे जे कागद असतील ते एका फाइलीत लावा.

---

स्लाउची_सून: कर्ज आहे का गाडीवर? आमच्या ह्यांनी पीसीपीवर (हप्ते फिटेपर्यंत गाडी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या मालकीची राहते ते कर्ज) घेतलेली गाडी विकायला काढली आणि गिऱ्हाइकाने तपासलं तेव्हा कळलं की अजून कंपनीच मालक आहे. काय शोभा झाली विचारू नका.

---

शेंदरी_मारुती: पीसीपीच होतं, पण २०२३मध्ये फेडून टाकलं. पत्र आहे माझ्याकडे.

---

स्लाउची_सून: मग ते पत्र फाइलीत सगळ्यात वर लावा.

---

तळेगावकर: टेस्ट ड्राइव्हबद्दल कोणी बोललंच नाही. त्यांचं लायसन्स बघा आणि विमा काय आहे ते विचारा. स्वतःच्या पॉलिसीवर दुसऱ्याची गाडी चालवता येते असं बरेच जण सांगतात, पण ते बहुतेक थर्ड पार्टीच असतं, म्हणजे तुमची गाडी ठोकली तर तुम्ही आणि तुमचं नशीब. एक दिवसाचा विमा मिळतो, त्यांना तो काढायला सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमची गाडी दोनच सीटांची. आधी तुम्ही चालवून दाखवाल, मग जागा बदलायला दोघांनाही खाली उतरावं लागेल. त्या वेळी इंजिन बंद करा आणि किल्ली खिशात ठेवा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये किल्ली दूर गेली तरी चालू इंजिन बंद पडत नाही. तुम्ही बॉनेटला वळसा घालून पलीकडे जाईपर्यंत गाडी पुढच्या सिग्नलला पोचलेली असेल.

---

हिशेबनीस: यावर भांडवली नफ्याचा कर लागतो का, कोणी सांगेल का?

---

चाकोरीबाहेर: खासगी मोटारगाडी त्या करातून मुक्त आहे. शिवाय नफा व्हायला तो आधी दिसावा लागतो :)

---

शेंदरी_मारुती: सगळ्यांचे आभार! ड्राफ्टवाल्याला "घरी या, गाडी बघा, बँकेतून थेट पैसे पाठवा" असं कळवलं. त्यानंतर तो गप्पच झाला. नंबर काढायचा अर्ज केला होता, नवं लॉगबुक काल आलं. एक्झॉस्ट मूळचा बसवला, आवाज निम्मा झाला, शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच हात केला.

क्लबवाले गृहस्थ शनिवारी येताहेत. फोनवर त्यांनी गाडीला खालून गंज आहे का, हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर चालवली का, हे तीनदा विचारलं. नोव्हेंबर ते मार्च ती गॅरेजातच असायची, तसं सांगितलं. एकवीसपर्यंत येतील असं वाटतंय. त्या दिवशी नक्की काय काय करायचं?

---

चाकोरीबाहेर: ज्यांना मीठ आठवतं ते गृहस्थ खरे. एकवीसला द्या.

त्यांना तुमच्या घरीच बोलवा. लॉगबुकवरचा पत्ता आणि दार एकच आहे हे त्यांनाही दिसलं पाहिजे. पैसे फास्टर पेमेंटने (बँकेतून बँकेत लगेच पोचणारे) घ्या. आधी एक पौंड पाठवायला सांगा, तो पोचला की बाकीचे. त्यांच्या बँकेची दिवसाची मर्यादा किती आहे ते आदल्या दिवशीच विचारून घ्या, नाहीतर अर्ध्या पैशांवर चहा पीत बसाल. रक्कम पोचली की नाही ते तुमच्या ॲपमध्ये बघा, त्यांच्या फोनवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही. मग साधी पावती, दोन प्रती, त्यात तारीख, मैल, किंमत, घासलेल्या चाकाचा उल्लेख, दोघांच्या सह्या. डीव्हीएलएच्या साइटवर लगेच नोंद करा आणि लॉगबुकमधली हिरवी चिठ्ठी त्यांना फाडून द्या. रोड टॅक्स त्यांना मिळत नाही, तो त्यांनी नव्याने भरायचा. तुमच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतील.

---

शेंदरी_मारुती: शेवटचं विचारतो. ते यायच्या आधी गाडी थोडी चालवून गरम करून ठेवू का? आणि छप्पर उघडून ठेवू? उघडी असली की जास्त देखणी दिसते.

---

चाकोरीबाहेर: गरम मुळीच करू नका. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसं सुरू होतं ते त्यांना ऐकायचं असतं. बॉनेट कोमट लागलं की संशय आलाच.

छप्पर बंद ठेवा. कापड ताणलेलं आहे, कुठे चुण्या-चिरा नाहीत, हे आधी दिसू दे. मग त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि मधली खिट्टी दाखवा. एका हाताने मागे टाकू देत त्यांनाच.