प्रति: आपला काय संबंध?

"दक्षिण चीन समुद्र हा अमेरिका-चीनचा तमाशा, आपण कशाला लक्ष घालायचं" असं वर कुणीतरी लिहिलंय, हे काही पटलं नाही बुवा. आपली सरकारी तेल कंपनी ओएनजीसी विदेश तिथे 1988 पासून आहे, व्हिएतनामच्या ब्लॉक 06.1 मध्ये (म्हणजे समुद्रातला तेल-गॅस काढायला आखून दिलेला तुकडा) 45 टक्के वाटा, आणि 2003 पासून तिथला गॅस साडेतीनशे किमीपेक्षा लांब पाइपलाइनने किनाऱ्यावर येतोय.

पाथर्डी फाट्याला आमच्या बिल्डिंगीत एक काका आहेत, ऑफशोअरवरून रिटायर झालेले, त्यांनी एकदा चहा पिता पिता टेबलावर मारी बिस्किटं मांडून दाखवलं, हे व्हिएतनाम, हे चीनचं हैनान, आणि व्हिएतनामच्या बाजूचा एक तुकडा म्हणजे आपला ब्लॉक. मग बशीतल्या चहात बोट बुडवून चीनची नऊ तुकड्यांची रेघ (नकाशावर जिच्या आतल्या समुद्रावर चीन हक्क सांगतो ती) काढली तर ती फिरून पार तिथपर्यंत आली! (काकूंनी लगेच फडकं मारलं ते वेगळं.) 2016 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने त्या रेघेआतल्या साधनसंपत्तीवरच्या चीनच्या हक्काला कायदेशीर आधार नाही म्हटलं, चीनने तो निकाल मानलाच नाही. आणि गंमत म्हणजे या ब्लॉकात रशियन कंपनीही भागीदार, ब्लॉकचं काम तीच चालवत होती तरी 2019 मध्ये चिनी तटरक्षक जहाजं तिथल्या रिगला सामान पुरवणाऱ्या बोटींच्या अंगावर जात होती, म्हणजे रशिया-चीन दोस्ती वगैरे ठीक आहे पण गॅसच्या विहिरीपाशी कोण कुणाचा मित्र.