सिमेंटचा अडथळा शेकडो वर्षं टिकेल, हे २८ दिवसांच्या चाचणीवरून कसं सांगायचं?

स्थापत्य_विद्यार्थिनी:
प्रबंधासाठी किरणोत्सारी कचऱ्याच्या काँक्रीट कोठ्यांवर वाचते आहे. कमी तीव्रतेच्या कचऱ्यासाठी बऱ्याच ठिकाणी ३०० वर्षांचा हिशेब असतो, काही न्यूक्लाइडांसाठी (किरणोत्सारी अणुप्रकारांसाठी) हजारो वर्षांचा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं! मग एवढ्या लांबचं भाकीत करतात कशावरून? २८ दिवसांच्या ताकदीचा आलेख पुढे ओढून?

काँक्रीट_टिकाऊपणा:
ताकदीचा आलेख बाजूलाच ठेवा. मी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि दाबाच्या चाचणीत उत्तम ठरलेले पण पाणी सहज आत घेणारे नमुने नेहमी बघतो. इथे दोन गोष्टी बघायच्या: पाणी किती शिरतं, आणि छिद्रांतलं पाणी किती काळ अल्कधर्मी राहतं.

नव्या सिमेंटमधल्या पाण्याचा पीएच सोडियम-पोटॅशियममुळे १३ च्या वर असतो. ते धुऊन गेले की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तो १२.५ च्या आसपास धरून ठेवतं. तेही सरलं की सी-एस-एच जेल (कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, म्हणजे सिमेंटला घट्ट धरणारा मुख्य पदार्थ) झिजू लागतं आणि पीएच आणखी उतरतो. क्रम हाच राहतो, वेग पाण्यावर ठरतो. पीएच वर असेपर्यंत प्लुटोनियमसारखी मूलद्रव्यं पाण्यात फारच कमी विरघळतात आणि सळयांवरचा संरक्षक थर शाबूत राहतो.

विसरणाने (डिफ्यूजनने, म्हणजे कण हळूहळू पसरत गेल्याने) पुढे सरकणारी झीज काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या वर्षी १० मिमी आत गेली, तर ३०० वर्षांत साधारण १७३ मिमी, ३ मीटर नव्हे. पण हे अखंड काँक्रीटचं गणित. तडा गेला की ते कोलमडतं. पाण्याने भरलेल्या भेगेची रुंदी दुप्पट झाली, तर प्रवाह आठपट होतो. शिवाय कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिमेंटशी होणाऱ्या अभिक्रियेने, पीएच उतरला की सळया गंजतात, गंज जागा मागतो, नवे तडे जातात आणि त्यांतून आणखी कार्बन डायऑक्साइड आत येतो. ही साखळी सुट्या-सुट्या चाचण्यांत सापडत नाही. माझ्या मते भाकिताची खरी कसोटी तिथेच आहे, आणि अहवालांत सगळ्यात कमी पानं तिलाच मिळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भूजल_आणि_माती:
दादांच्या मुद्द्याला एक जोड. जमीन पूर्ण ओली नसेल, तर रुंद भेग कोरडीच राहू शकते. पाणी बारीक छिद्रांतून जातं. म्हणून 'तडा म्हणजे गळती' असं सरसकट धरू नका. आणि आधी न्यूक्लाइड ठरवा. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, म्हणजे ३०० वर्षांत ते हजारातला एक भाग उरतं. टेक्निशियम-९९ चं २ लाख वर्षांहून जास्त. अमेरिकेत सॅव्हाना रिव्हर या अणुकेंद्रावर खारट किरणोत्सारी कचरा गोठवायला वापरलेल्या मूळ सॉल्टस्टोनच्या कोरड्या मिश्रणात सिमेंट जेमतेम १० टक्के होतं. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) आणि फ्लाय अॅश (कोळशाची उडती राख) प्रत्येकी ४५. तिथल्या स्लॅगमुळे टेक्निशियम कमी विरघळणाऱ्या रूपात राहतं, मात्र ऑक्सिजन आत पोहोचेपर्यंतच.

स्थापत्य_विद्यार्थिनी:
मग तापमान वाढवून चाचणी लवकर उरकता येईल का? आणि रोमन काँक्रीट दोन हजार वर्षं टिकलंच आहे ना?

काँक्रीट_टिकाऊपणा:
तापमान जपून वाढवा. ७० अंशांच्या आसपास एट्रिंगाइट हे सिमेंटमधलं खनिज अस्थिर होतं, आणखी तापवलं तर सी-एस-एचची रचनाही पालटते. मग तुम्ही मोजता ती वेगळ्याच पदार्थाची झीज. अमोनियम नायट्रेटने कॅल्शियम झपाट्याने काढता येतं. झिजलेल्या काँक्रीटचे गुण बघायला ते चांगलं, वर्षं मोजायला नाही.

रोमन काँक्रीट चुना आणि ज्वालामुखीच्या राखेचं, त्यात सळयाही नाहीत, म्हणून थेट तुलना करू नये. त्यापेक्षा जॉर्डनमधलं मकारिन बघा. तिथे नैसर्गिकरीत्या तयार झालेली सिमेंटसारखी खनिजं आहेत आणि झऱ्यांच्या पाण्याचा पीएच १२ च्या वर आहे. हे अल्कधर्मी पाणी आजूबाजूच्या खडकाशी कसं वागतं, ते तिथे प्रत्यक्ष दिसतं.

प्रबंधासाठी सुचवतो: एकच न्यूक्लाइड, एकच मिश्रण घ्या. विसरण गुणांक आणि भेगेची रुंदी यांना एकेक आकडा न देता पल्ला द्या आणि गणित शेकडो वेळा चालवा. कोणत्या गृहीतकाने उत्तर सर्वाधिक हलतं, ते आधी शोधा. प्रयोग त्याच गोष्टीवर करा. मिश्रणाचं प्रमाण ठरलं की इथे टाका, मी नक्की बघेन.