अनुभव धागा: रुग्णालयात दाखल असताना आपण काय सांभाळले, काय राहून गेले

गेल्या वर्षी मला अकरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. तेवढ्या काळात डॉक्टर बदलले, सिस्टरांच्या पाळ्या रोज बदलत राहिल्या, एकदा वॉर्डही बदलला. न बदललेली माणसे दोनच, मी आणि माझ्या उशाशी बसणारा धाकटा भाऊ. वॉर्ड बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळ्यांत, आधीच्या डॉक्टरांनी बंद केलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा आली. ती हातात तशीच धरून मी एवढेच विचारले, "ही परवा बंद केली होती, पुन्हा सुरू केली आहे का?" सिस्टरांनी तक्ता पाहिला, डॉक्टरांना फोन केला आणि गोळी परत नेली. नवा तक्ता लिहिताना जुनी ओळ तशीच उतरली गेली होती. वाद झाला नाही, कोणाचा आवाजही चढला नाही. फाईलमध्ये सगळे लिहिलेले असते हे खरे, पण ती पहिल्या पानापासून वाचायला प्रत्येक पाळीत कोणाला सवड असते?

या धाग्यावर उपचारांबद्दलच्या तक्रारी नकोत. रुग्ण म्हणून किंवा सोबत राहणारे म्हणून तुम्ही स्वतः काय केलेत, काय करायला हवे होते, ते मोकळेपणाने लिहावे.

*

आमच्या वडिलांना कमी ऐकू येते आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाची सवय अशी की, समजले नाही तरी मान हलवायची. त्याच वॉर्डात त्याच आडनावाचे आणखी एक गृहस्थ होते. एका पहाटे रक्त घ्यायला आलेल्या तंत्रज्ञाने त्यांचे नाव घेऊन "तुम्हीच ना?" असे विचारले आणि वडिलांनी झोपेतच मान हलवली. मी जागी होते म्हणून मनगटावरचा पट्टा पुढे करता आला. नमुना चुकीच्या नावावर गेला असता, तर त्या अहवालावरून दोघांचेही उपचार चुकले असते. त्यानंतर आम्ही वडिलांकडून एकच गोष्ट घोटवून घेतली: कोणीही काही द्यायला किंवा घ्यायला आले, की "हो" म्हणायचे नाही, आपले पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतःच्या तोंडाने सांगायची. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. खाट संध्याकाळपर्यंत बदलू शकते.

*

माझा अनुभव पडण्याचा आहे आणि त्यात दोष माझाच आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या रात्री लघवीला जायचे होते. बेल खाटेच्या ज्या बाजूला होती, त्या हाताला सलाईन लावलेले होते. शिवाय रात्री अडीच वाजता कोणाला त्रास कशाला द्यायचा, असा विचार केला. दोन दिवस पडून राहिलेला आणि वेदनाशामक औषधे घेतलेला माणूस एकदम उभा राहिला, की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मला दाराची मूठ दिसली, हे शेवटचे आठवते. हाड मोडले नाही, पण कपाळाला चार टाके पडले आणि मुक्काम वाढला. नंतर फिजिओथेरपिस्टने शिकवले: आधी पाय खाली सोडून खाटेच्या कडेवर दोन-तीन मिनिटे बसायचे, घोटे हलवायचे, गरगरत नाही याची खात्री करायची आणि मगच कोणाचा तरी हात धरून उठायचे. सपाता घसरत्या नसाव्यात, आणि बेल व चष्मा झोपण्यापूर्वीच हाताशी घ्यावा. संकोच हा माझ्यापुरता तरी आजारापेक्षा महागात पडला.

*

मी परिचारिका आहे, त्यामुळे खाटेच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

"आपण हात स्वच्छ केलेत का?" असे विचारल्याने आम्हाला राग येतो, असा समज आहे. एखादीला येतही असेल, तरीही विचारावे. इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नातील प्रसूतिगृहात 1847 मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हाही पुष्कळांना ते अपमानास्पद वाटले होते. हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नकोत, असे होत नाही. अल्कोहोलयुक्त द्रावण हातांवर साधारण 20 ते 30 सेकंद चोळावे लागते. रुग्णाला जुलाब होत असतील, तर मात्र साबण आणि पाणीच हवे, कारण काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

आता माझी विनंती. सलाईन लवकर संपावे म्हणून नातेवाईक नळीवरचे चाक फिरवून थेंब वाढवतात, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. त्या बाटलीत पोटॅशियम असेल, तर वेग वाढल्याने हृदयाची लय बिघडू शकते. सुईची जागा लाल झाली, सुजली, ठणकू लागली, तर लगेच सांगा. सुटलेली नळी स्वतः जोडू नका. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहू द्या, खाटेवर ठेवू नका, जमिनीलाही टेकू देऊ नका. आणि "ही नळी आज तरी काढता येईल का?" हे रोज राउंडला विचारा, कारण जितके दिवस ती आत, तितका संसर्गाचा धोका वाढतो. आम्ही औषधे मोजत असताना मात्र दोन मिनिटे हाक मारू नये.

*

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी माझे नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू चार जणांनी चार वेळा विचारली. चौथ्या वेळी मी वैतागून म्हणालो, "कागदावर आहे की!" भूलतज्ज्ञांनी शांतपणे सांगितले की, कागदावर आहे म्हणूनच ते तुमच्या तोंडून ऐकायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी-यादी आणली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडण्यापूर्वी ती तपासायची असते. गुडघ्यावर पेनाने केलेली खूण मी आदल्या रात्री अंघोळीत घासून काढायला निघालो होतो, हे आता सांगायला लाज वाटते. आणखी एक: त्या जागेचे केस घरीच वस्तऱ्याने काढून जाऊ नये; बारीक जखमांतून जंतू शिरतात.

*

आईला घरी सोडताना मिळालेल्या यादीत रक्तदाबाची गोळी होती, आणि घरच्या डब्यात तिची नेहमीची होतीच. नावे वेगळी, म्हणून औषधेही वेगळी समजून आई दोन्ही घेत राहिली. पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंत धरून उभी दिसली, तेव्हा मी दोन्ही पाकिटे उलटी करून बारीक अक्षरांतली ओळ वाचली. आतले औषध एकच होते. पुढच्या खेपेला आम्ही घरच्या सगळ्या गोळ्या, काढ्याच्या बाटलीसकट, पिशवीत घालून दाखल होतानाच नेल्या, आणि निघताना डॉक्टरांसमोर बसून कोणती चालू, कोणती बंद, हे आईनेच मोठ्याने म्हणून दाखवले. त्यात ती एका गोळीची वेळ चुकली आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे यादीवर खूण केली.